तू चाल, मी मारतो

आमच्या सोसायटीत मार्च आला हे लिफ्टमधल्या कागदावरून कळतं. ‘परीक्षेचे दिवस आहेत. टीव्हीचा आवाज बेताचा ठेवावा. मुलांनी संध्याकाळी सहापर्यंत खाली खेळू नये.’ मजकूर वर्षानुवर्षं तोच, खालची सही तेवढी बदलते. मग दुपारची इमारत इतकी गप्प होते की कुकर कितव्या मजल्यावर शिट्टी देतोय तेही सांगता यावं. मुलुंड पूर्वेला, आमच्या बाजूला, या दिवसांत मिठागरांवरून वारा येतो. गरम, कोरडा, ओठांना किंचित खारट लागणारा. खिडकीतली धूळ त्या वाऱ्याने जात नाही, नुसती जागा बदलते.

मला शेवटची परीक्षा देऊन आता बरीच वर्षं झाली. तरी तो कागद दिसला की आत काहीतरी जागं होतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी सांगतात, मार्च आला की त्यांना अजून बीजगणिताची स्वप्नं पडतात, पेपर कोरा राहिल्याची. मला स्वप्न पडत नाही. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला आठवतं.

यंदा नेमका त्या कागदाच्याच आठवड्यात ‘तो गेम’ आला. म्हणजे त्याचा नवा भाग. ज्यांनी असला गेम कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पडद्यावर आपण दिसत नाही. दिसतो फक्त आपला हात आणि हातातली बंदूक. समोर बोळ, बोळाच्या टोकाला दार, दाराआड राक्षस. त्यांना मारायचं, लाल-निळ्या चाव्या शोधायच्या, एकेक दार उघडत शेवटच्या चौकापर्यंत जायचं. गोष्ट एवढीच. माझ्या जन्माच्या आधीपासून ती भागामागून भाग सांगितली जातेय. या मालिकेला जगभर मोठं नाव आहे, पण आमच्या घरात ती नुसती ‘तो गेम’ होती. आई तिला ‘मारामारी’ म्हणायची. ‘ती मारामारी बंद करून जेवायला या.’

आता अंधेरीच्या एका ऑफिसात मी गेम तपासायचं काम करते. लोकांच्या हातात पडण्याआधी खेळायचे, चुका शोधायच्या, लिहून द्यायच्या. कमी बोलणाऱ्या माणसाला हे काम बरं. नवा भाग आला त्या दिवशी ऑफिसात सगळे त्याच्यावर बोलत होते. कुणी म्हणालं पहिलाच खरा, कुणी म्हणालं तिसऱ्यानंतर मजा गेली. मी ऐकत होते. माझंही मत होतं, पण ते सांगायला एका अख्ख्या मार्च महिन्यापासून सुरुवात करावी लागली असती.

बाबा विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुने कामगारांना घरी न्यायला दिले. आमचा रिक्षातून आला, माझ्या आणि दादाच्या मांडीवर आडवा. मॉनिटर बाबांच्या पायांशी. घरी आणून लावला तर त्यात तो गेम निघाला. तो कुणी टाकला होता हे बाबांना कधीच कळलं नाही, किंवा त्यांनी सांगितलं नाही. बाहेरच्या जगात तोवर त्याचे पुढचे भाग येऊन जुनेही झाले होते. दादा मित्रांकडे ते बघून यायचा आणि रात्रीच्या जेवणाला वर्णन करायचा. पण आमच्या मशीनवर चालायचा तो फक्त पहिलाच. त्यातले राक्षस लांबून बरे दिसायचे. जवळ आले की त्यांचे चौकोन चौकोन व्हायचे, विणलेल्या स्वेटरसारखे.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. नाव ओंकार, पण मी कधी नावाने हाक मारलेली नाही. आमचं एक ठरून गेलं होतं, कधी ठरलं आठवत नाही. माउस त्याच्याकडे, कीबोर्ड माझ्याकडे. तो वळायचा, नेम धरायचा, गोळी झाडायचा. मी चालायची. पुढे जा, मागे ये, बाजूला सरक, दार उघड, बंदूक बदल. एका माणसाचं शरीर आम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं. खांदे आणि हात त्याचे, पाय माझे. हा गेम असाच, दोघांनी खेळायचा असतो, असा माझा पक्का समज होता. दुसऱ्या घरांत तो एकेकटी माणसं खेळतात हे कळलं तेव्हा मला त्यांची कीव आली. वाटलं, बिचाऱ्यांना भाऊ-बहीण नसेल.

नियम दादाचे होते. सगळ्यांत मोठा नियम, मी बाणाची डावी-उजवी बटणं दाबायची नाहीत.

‘माझा नेम हलतो, कळलं? तू फक्त पुढे-मागे. सरकायचं तर ती दोन बटणं, स्वल्पविराम आणि पूर्णविराम. तू चाल, मी मारतो.’

आणि मग तासन्‌तास हे असं:

‘चाल ना गं, केतू!’

‘चालतेय. दार आहे पुढे.’

‘मग उघड!’

‘मागून आवाज आला पण.’

‘तू आवाज काय ऐकत बसतेस, तू चाल. थांब! थांब म्हटलं ना, नेम लागू दे... अगं सरक, सरक! मेलो. तुझ्यामुळे मेलो.’

‘तूच थांब म्हणालास.’

‘मग काय कायमची थांबशील?’

राक्षसांना आम्ही नावं ठेवली होती. हवेत तरंगणारा लाल गोळा म्हणजे भोपळा. दातच दात असलेला गुलाबी म्हणजे शाळेच्या बसचा कंडक्टर. आणि अगदी शेवटच्या पातळीवर, चार खांबांच्या मोठ्या चौकात, एक होता तो प्रिन्सिपल. तो दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू यायची, लोखंडी, सावकाश. आमच्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये सर यायचे तश्शीच. प्रिन्सिपलने आम्हाला वर्षभर मारलं. त्याच्या चौकापर्यंत आम्ही पोचायचो, दादा ‘थांब’ म्हणायचा, आणि खेळ संपायचा.

मग आलं ते वर्ष. माझी दहावी आणि दादाची बारावी एकदम. आईने ते वर्ष एखाद्या लांबच्या प्रवासासारखं बांधायला घेतलं. केबल काढून टाकली. फ्रिजवर दोन वेळापत्रकं लावली, माझं हिरव्या पेनाने, त्याचं लाल. मावशीला फोनवर सांगायची, ‘दोन-दोन बोर्डं एका घरात आहेत बाई, मी तर श्वासही विचारून घेते.’ जानेवारीत एका रविवारी ती आमच्या खोलीत आली आणि कमरेवर हात ठेवून कॉम्प्युटरसमोर उभी राहिली.

‘ओंकार, यातलं काय काढलं की ती मारामारी बंद पडते? अख्खा कॉम्प्युटर नाही हलवत मी, तुमच्या त्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत त्यात.’

दादाने जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. ‘माउस,’ तो म्हणाला. ‘माउस नसला तर काहीच होत नाही.’

आईने माउस काढला, त्याची वायर त्याच्याभोवती गुंडाळली आणि आपल्या लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवला. ‘बारावीचा शेवटचा पेपर झाला की मिळेल.’ कीबोर्डकडे तिने पाहिलंही नाही. मी तिथेच होते, पलंगावर, भूगोलाचं पुस्तक मांडीवर. मला कुणी काही विचारलं नाही.

गेम बंद झाल्याचं मला तितकं लागलं नाही. लागलं ते ‘काहीच होत नाही’ हे. दादाचं त्यात काही चुकलं असंही नाही, कारण मलाही तेच वाटायचं. शाळेत विज्ञानाच्या प्रकल्पाचे तक्ते मी काढायची, आणि ते हातात धरून बोलायची वेळ आली की दुसरी एक मुलगी पुढे व्हायची. तिला बोलता यायचं. बाई तिला म्हणायच्या, ‘व्हेरी गुड.’ मी मागच्या रांगेत असायची आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कुणीतरी चालायचं, कुणीतरी मारायचं. पण त्या रविवारी ‘काहीच होत नाही’ ऐकल्यावर, का कोण जाणे, मी भूगोलाचं तेच पान तीनदा वाचलं.

भूमितीच्या पेपरच्या आधी दोन दिवस सुट्टी होती. दादा दुपारी जेवून अभ्यासिकेत जायचा, सातला यायचा. आई हॉलमध्ये पंख्याखाली चटईवर तासभर आडवी व्हायची. साडेतीनला भांड्यांच्या मावशी बेल वाजवायच्या, तोवर घर माझं. मी कॉम्प्युटर लावला तो खरंच जुन्या प्रश्नपत्रिकेसाठी. माउस नव्हता म्हणून बाणाच्या बटणांनी एकेक चित्र ओलांडत जात होते, आणि प्रश्नपत्रिकांच्या आधी तो गेम आला. एंटर दाबलं. वाटलं, नुसता उघडून बघू. दादाने शेवटच्या चौकाच्या दारात खेळ साठवून ठेवलेला होता, ‘लास्ट’ नावाने, मेलं तरी तिथूनच पुन्हा सुरू करता यावं म्हणून. तो उघडला. समोर दार. मी दार उघडलं, कारण दार उघडणं माझं काम होतं. आत गेले, कारण चालणं माझं काम होतं. आणि मग त्या गेममध्ये पहिल्यांदा डावीकडचा बाण दाबला.

अख्खा चौक वळला.

मी बटण सोडलं. हॉलमधून आईचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा दाबलं, चौक आणखी वळला. मग एकेक बटण दाबत गेले. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा हात कधी गेला नव्हता, तिथे करंगळी टेकली आणि बंदुकीच्या तोंडाशी पिवळा उजेड पडला. स्पीकर बंद होते. आवाज आला नाही. पण गोळी सुटली.

म्हणजे पाय, खांदे, हात, सगळं माझ्याच बाजूला होतं. सुरुवातीपासून.

प्रिन्सिपलने मला लगेच मारलं, ते सांगायला नको. पण कॉम्प्युटर बंद करताना माझं ठरलं होतं. दादाचा शेवटचा पेपर व्हायच्या आत, माउस कपाटातून बाहेर यायच्या आत, मी एकटीने हा चौक संपवायचा. संपवायचा म्हणजे एका दमात. मधे खेळ साठवायचा नाही. साठवायला सहाच जागा होत्या आणि सहाही दादाच्या नावांच्या. त्यातलं एखादं पुसून माझं लिहिलं असतं तर त्याला कळलं असतं, आणि तो म्हणाला असता, ‘दाखव.’ त्या शब्दाची मला प्रिन्सिपलपेक्षा जास्त भीती होती.

मला अजून वाटतं, त्या पहिल्या भागात एक साधेपणा होता जो पुढे राहिला नाही. त्यातल्या माणसाला मान नव्हती. वर बघता यायचं नाही, खाली बघता यायचं नाही. राक्षस गच्चीवर असो की खड्ड्यात, तुम्ही त्याच्या रोखाने तोंड करून उभे राहिलात की गोळी आपली आपण वर-खाली जायची. म्हणूनच माउसवाचून चालत होतं. दादाला ते माहीत नव्हतं. त्याला वाटायचं तो नेम धरतो. बराचसा नेम गेमच धरत होता.

पुढच्या भागांनी एकेक गोष्ट माणसाला दिली आणि प्रत्येक वेळी बदल्यात काहीतरी मागितलं. दुसऱ्याने मोठी बंदूक दिली, तर समोर घोळका उभा केला. तिसऱ्याने मान दिली. वर छत आहे, खाली विहीर आहे, आणि समोर राक्षस नाहीत, दुसरी माणसं आहेत, तुमच्यासारखीच, आपापल्या मशीनवर बसलेली. तो मी कॉलेजात असताना घाटकोपरच्या एका गेमिंग पार्लरमध्ये खेळले, आणि माझी सगळी विद्या एका मिनिटात वाया गेली. करंगळीला तिथे काही कामच नव्हतं. उजव्या हातात माउस धरल्याशिवाय वर बघताच यायचं नाही. पहिला आठवडा मी फक्त छत पाहिलं आणि जमीन पाहिली. आजूबाजूचे मुलगे हसले. ‘मॅडम, पंखा मोजताय काय?’ मी मान वळवली नाही. दुसऱ्या आठवड्यात पंखे कमी झाले. त्यांच्यातल्या एकाचं हसू थांबायला महिना लागला, पण थांबलं.

चौथा भाग काळोखाचा होता. त्यात टॉर्च धरली तर बंदूक धरता यायची नाही आणि बंदूक धरली तर समोरचं दिसायचं नाही. लोक चिडले होते म्हणे, असा कुठे सैनिक असतो का. मला तो पटला. बघणं आणि मारणं एकाच वेळी जमत नाही, हे ज्याने दुसऱ्याच्या हाताशेजारी बसून खेळलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मग मधे बरीच वर्षं काहीच आलं नाही. आणि त्यानंतर जो आला तो असा धावत आला की जुने लोकही दचकले. आडोसा घेणं नाही, दबा धरणं नाही. थांबलात की मेलात. चालत राहा, मारत राहा, जखम झाली तर पळू नका, उलट पुढे व्हा. ऑफिसात तो पहिल्यांदा खेळताना मी एकटीच हसले. एवढी सगळी वर्षं, एवढे भाग फिरून मालिका जिथे पोचली होती, तिथे मी एका मार्चच्या दुपारी उभी होते, आमच्या खोलीत, आई झोपलेली असताना.

कारण त्या चौकात मला तेच तर शोधावं लागलं.

त्या दुपारी मला अजून वासासकट आठवतात. मशीन तापलं की त्यातून जळक्या धुळीचा वास यायचा. खाली कुणाच्या तरी घरी कैरीचं लोणचं घातलेलं असायचं. कीबोर्ड जुना, टायपरायटरसारखा वाजणारा, म्हणून मी त्याच्याखाली दुमडलेला नॅपकिन घालायची. आवाज बंद, त्यामुळे प्रिन्सिपलची पावलं ऐकू यायची नाहीत. तो कुठून येतोय हे अंदाजाने ओळखावं लागायचं. भूमितीच्या रफ वहीत शेवटच्या पानावर मी चौकाचा नकाशा काढला. चार खांब, ए, बी, सी, डी. आई डोकावली असती तर प्रमेयच वाटलं असतं, आणि एका अर्थी होतंच. तो तीन गोळे सोडतो. मग क्षणभर थांबतो. गोळे सावकाश येतात, चालणाऱ्या माणसाला चुकवता येतात. उभ्या माणसाला येत नाहीत.

हे लिहून काढलं आणि पेन्सिल थांबली. म्हणजे वर्षभर आम्ही मेलो ते ‘थांब’मुळे. दादाला नेम लागावा म्हणून मी थांबायची, आणि थांबले की मरायचो. मी कधी बोलले नाही, कारण चालणाऱ्याने नेमाबद्दल बोलायचं नसतं असं मला वाटायचं.

भूमितीचा पेपर झाला, मग विज्ञान, मग माझी दहावीच संपली. दादाचे पेपर अजून चालू होते. आता मी मोकळी होते आणि तरी रोज फक्त एकच तास घेत होते, अडीच ते साडेतीन. रोज मरत होते. कधी बी खांबाशी, कधी डी आणि सीच्या मधे. कधी त्याला अर्ध्यावर आणल्यावर गोळ्या संपायच्या. आई एकदा म्हणाली, ‘केतकी, परीक्षा संपली तरी चेहरा असा का तुझा? पेपर कठीण गेला का एखादा?’ मी म्हटलं, ‘नाही गं. होईल.’

‘आता काय व्हायचं राहिलंय?’

बेल वाजली, मावशी आल्या.

दादाच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी, तीन वाजून गेले असतील, प्रिन्सिपल पडला. सी खांबाला वळसा घालत, न थांबता, मी करंगळी दाबून धरली होती आणि तो एकदम गुडघ्यावर आला. मग पडद्यावर इंग्रजीत एक मजकूर आला, सात-आठ ओळींचा. मी तो वाचलाही नाही. कॉम्प्युटर बंद केला. नॅपकिन काढून घडी केली. आई कुशीवर वळली. पुरावा म्हणून माझ्याजवळ फक्त रफ वहीतला नकाशा होता.

मला वाटलं होतं, एवढंच हवं होतं. तसं नव्हतं. संध्याकाळी दादा अभ्यासिकेतून आला, चपला काढता काढता म्हणाला, ‘उद्या पेपर झाला की पहिलं काम काय, माहितीये ना? प्रिन्सिपल. मी मारणार त्याला, तू फक्त नीट चाल.’ मी ‘हो’ म्हटलं. रात्री अंथरुणात मी दुसरं वाक्य जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने शब्द पाळला. शालूखालून माउस निघाला, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. दादाने तो लावला, बाही वर केली, बसला. मी नेहमीसारखी त्याच्या डावीकडे.

‘चल. उघड दार.’

‘दादा, मी संपवलाय.’

‘काय?’

‘हा चौक. मी मारलं त्याला. काल.’

तो माझ्याकडे बघून हसला, वाईट हसू नव्हतं. ‘माउस आत्ता निघाला कपाटातून, बाई.’

‘माउस लागत नाही.’

‘काय बोलतेस? हे बघ, तुला पाहिजे तर तू मार आज एक-दोन, मी—’

‘लागत नाही म्हटलं ना.’

त्याने माउसवरचा हात काढला. मग त्याने तो शब्द म्हटलाच. ‘दाखव.’

आम्ही जागा बदलल्या. मी माउस काढून बाजूला ठेवला, त्याची वायर मागे लोंबत राहिली. दादा अगदी जवळ बसला होता, त्याच्या शर्टाला पेपरच्या हॉलचा, घामाचा आणि शाईचा वास होता. दार उघडलं आणि माझी बोटं माझी राहिली नाहीत. कुणी बघत असलं की मला स्वतःचा हातही दुसऱ्याचा वाटतो, आजही. पहिल्याच गोळ्यात मेले.

‘बघ,’ दादा म्हणाला. समजुतीने म्हणाला, तेच जास्त लागलं. ‘तुक्का लागला असेल काल. दे, लावतो माउस.’

‘नको. बस.’

दुसऱ्यांदा खांबापर्यंत पोचले. त्याच्या तोंडून निघालंच, ‘थांब, थांब, नेम—’ आणि माझा पाय खरंच थांबला. मेले.

‘दादा, बोलू नकोस.’

‘अगं पण—’

‘एक शब्द नको. बाहेर जायचं तर जा.’

मी त्याच्याशी असं कधी बोलले नव्हते. आई दारात येऊन उभी राहिली, हातात चहाचं गाळणं, काय चाललंय तिला कळेना. म्हणजे आता दोघं बघत होती. तिसऱ्यांदा दार उघडलं. या वेळी स्पीकर चालू होता, आणि इतक्या दिवसांनी मला ती पावलं ऐकू आली, लोखंडी, सावकाश. मला एकदम बरं वाटलं. तो कुठे आहे ते मला कळत होतं. ए, मग डी, मग सी. तीन गोळे, श्वास, वळसा. मागे दोघं आहेत हे मी विसरले असं म्हणणार नाही. विसरले नाही. ती होती आणि मी चालत होते.

तो गुडघ्यावर आला. तो मजकूर आला. या वेळी मी वाचला. शूर वीरा, तू जिंकलास, पण लढाई संपलेली नाही, अशा अर्थाचं काहीतरी.

‘इतकंच?’ दादा म्हणाला.

‘इतकंच.’

‘झालं का एकदाचं?’ आई म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

दादा पडद्याकडे बघत होता. नंतर माउसकडे, जो टेबलाच्या कडेला उलटा पडला होता. त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला आधी कळलंच नाही तो मला विचारतोय. ‘मग मी काय करत होतो गं, इतकी वर्षं?’

चेष्टा केली असती तर तो हसला असता, ते मला करायचं नव्हतं. ‘तुझ्यामुळे जमलं’ म्हटलं असतं तर ते खोटं होतं, आणि त्याला ते कळलं असतं. मी उठले. ‘तू खेळ,’ म्हटलं. ‘सुरुवातीपासून. एकटा.’

‘आणि तू?’

‘मी बघते.’

त्याने माउस पुन्हा लावला. डावा हात कीबोर्डवर ठेवायला गेला आणि तिथेच अधांतरी राहिला, बोटं कुठे ठेवायची हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिली पातळी. पहिली खोली, जिथून आम्ही शेकडो वेळा गेलो होतो. समोरचे दोन राक्षस त्याने दोन गोळ्यांत लोळवले, झकास नेम. मग तो निघाला आणि सरळ हिरव्या विषाच्या डबक्यात जाऊन पडला. तिथे डबकं आहे, उजव्या कडेने जायचं असतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो बाहेर यायला धडपडला, कोपऱ्यात अडकला, मागे आला, पुन्हा डबक्यात. पडद्याच्या तळाशी जिवाचा आकडा उतरत होता.

‘केतू, कुठून जायचं असतं इथून?’

माझी बोटं आपोआप हलली. मी हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

‘सांग ना. दार कुठेय?’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘तू चाल.’